‘द बॅटल ऑफ मेक्सिको सिटी’: एका राजकीय रॉक बँडच्या मैफलीच्या डीव्हीडीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमध्ये रामबागेच्या परिसरात आमचे एक लहान श्रवणमंडळ आहे. सभासदांपैकी कोणाच्या तरी घरी महिन्यातून एकदा एखादी ध्वनिमुद्रित किंवा चित्रित मैफल सगळे मिळून ऐकतात. ती बहुतेक वेळा ख्यालाची असते, क्वचित नाट्यसंगीताची. यंदा ‘रेज अगेन्स्ट द मशीन’ या अमेरिकन रॉक बँडच्या मैफलीची डीव्हीडी लावायचे ठरले आणि तेव्हापासून जुन्या-नव्या सभासदांचे प्रश्न थांबलेले नाहीत. पुन्हा पुन्हा आलेल्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

ही डीव्हीडी नेमकी कशाची आहे?

२८ ऑक्टोबर १९९९ रोजी मेक्सिको सिटीतील ‘पालासिओ दे लोस देपोर्तेस’ या क्रीडागृहात झालेल्या मैफलीचे हे चित्रण असून ते मे २००१ मध्ये व्हीएचएस आणि डीव्हीडी अशा दोन्ही रूपांत प्रसिद्ध झाले. बँडचा तिसरा अल्बम ‘द बॅटल ऑफ लॉस एंजेलिस’ २ नोव्हेंबर १९९९ रोजी बाजारात आला, म्हणजे मैफलीच्या वेळी त्याच्या प्रकाशनाला पाच दिवस बाकी होते. डीव्हीडीचे नाव त्याच अल्बमच्या नावावरून बेतलेले आहे. मैफलीत गायलेल्या गाण्यांपैकी बरीच गाणी श्रोत्यांच्या हाती अजून पडायची होती, ही गोष्ट पाहताना ध्यानात ठेवावी, कारण अनोळखी गाण्यालाही समोरचा जमाव ज्या तयारीने साथ देतो ती पाहण्यासारखी आहे.

डीव्हीडीवर मैफलीबरोबरच मेक्सिकोतील तत्कालीन राजकीय परिस्थितीवरचे लघुपटाचे भाग आहेत. त्यांत आदिवासी शेतकऱ्यांची झापाटिस्टा चळवळ आहे, राष्ट्रीय विद्यापीठातील विद्यार्थ्यांचा संप आहे, शिवाय भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांची मुलाखत आणि झापाटिस्टांचे प्रवक्ते सुबकमांदान्ते मार्कोस यांचे बोलणेही आहे. आमच्या मते डीव्हीडीचे खरे मोल या भागांमुळे आहे. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

हा बँड कोणता, आणि त्याला ‘राजकीय’ का म्हणतात?

‘रेज अगेन्स्ट द मशीन’ची स्थापना १९९१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये झाली. गायक झॅक दे ला रोचा, गिटारवादक टॉम मोरेलो, बेसवादक टिम कॉमरफर्ड आणि ड्रमवादक ब्रॅड विल्क हे चौघे पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच राहिले. पहिला अल्बम नोव्हेंबर १९९२ मध्ये निघाला. त्याच्या मुखपृष्ठावर थिक क्वांग डुक या बौद्ध भिक्षूने ११ जून १९६३ रोजी सायगावमध्ये केलेल्या आत्मदहनाचे माल्कम ब्राऊन यांनी टिपलेले छायाचित्र आहे. दुकानात जाऊन गाणी विकत घेणाऱ्याला पैसे मोजण्याआधीच बँडचा कल कळावा, अशी ती योजना असावी.

दे ला रोचा यांचे वडील चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन, चित्रकारांच्या ‘लोस फोर’ या गटातील चित्रकार. मोरेलो यांचे वडील केनियाचे राजनैतिक अधिकारी, आई शिक्षिका, आणि स्वतः मोरेलो हार्वर्डचे सामाजिक शास्त्रांचे पदवीधर. पुष्कळ बँड एखाददुसरे निषेधगीत गातात आणि उरलेला वेळ प्रेमभंगावर घालवतात. या चौघांनी प्रेमगीत जवळजवळ वर्ज्यच मानले. पोलिसांची दंडेली, स्थलांतरितांचे हाल, युद्ध, मोठ्या कंपन्यांची सत्ता, वृत्तवाहिन्यांचे मौन हेच त्यांचे विषय.

मैफलीसाठी मेक्सिकोच का? झापाटिस्टा म्हणजे कोण?

मेक्सिकोच्या दक्षिण टोकाला, ग्वाटेमालाच्या सीमेवर चियापास नावाचे राज्य आहे. तेथील माया वंशाचे आदिवासी शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या मका पिकवतात. १९१० च्या क्रांतीनंतर मेक्सिकोच्या राज्यघटनेत २७ वे कलम आले आणि गावाला सामायिक जमीन मिळण्याचा हक्क त्यात मान्य झाला. ‘जमीन आणि स्वातंत्र्य’ मागणाऱ्या एमिलियानो झापाटा या शेतकरी पुढाऱ्याच्या लढ्याचे ते फळ होते. झापाटा १९१९ मध्ये दगाबाजीने मारला गेला. १९९२ मध्ये सरकारने याच कलमात दुरुस्ती करून नव्या जमीनवाटपाचे दार बंद केले, कारण अमेरिका आणि कॅनडा यांच्याशी होऊ घातलेल्या मुक्त व्यापार कराराची तयारी चालू होती.

तो करार, म्हणजे नाफ्टा, १ जानेवारी १९९४ रोजी लागू झाला. त्याच पहाटे तोंडाला काळे मुखवटे बांधलेल्या शेतकऱ्यांनी सान क्रिस्तोबाल दे लास कासास आणि आणखी काही नगरे ताब्यात घेतली. झापाटाच्या नावावरून त्यांनी स्वतःला झापाटिस्टा म्हणवले. लढाई बारा दिवस चालली आणि १२ जानेवारीला युद्धविराम झाला. पुढे फेब्रुवारी १९९६ मध्ये सान आंद्रेस येथे आदिवासींच्या हक्कांविषयी करार झाला खरा, पण सरकारने तो अमलात आणला नाही. २२ डिसेंबर १९९७ रोजी आक्तेआल या खेड्यात सरकारधार्जिण्या सशस्त्र टोळीने ४५ जणांना ठार केले. मृतांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती, आणि हल्ला झाला तेव्हा ते लोक प्रार्थनेसाठी जमले होते.

दे ला रोचा या काळात चियापासला जाऊन आले होते. मैफलीतील ‘पीपल ऑफ द सन’ आणि ‘वॉर विदिन अ ब्रेथ’ ही दोन गाणी थेट या लढ्यावर आहेत, आणि दुसऱ्या गाण्यात तर नववर्षदिनाचाच उल्लेख येतो. लॉस एंजेलिसमध्ये जी गाणी परदेशी बातमीसारखी ऐकली जात असतील, ती मेक्सिकोच्या राजधानीत, ज्यांच्या देशात हे घडले त्यांच्यासमोर गाणे ही गायकाच्याही परीक्षेची वेळ असते. मैफलीचे स्थळ निवडण्यामागचे कारण याहून वेगळे शोधावे लागत नाही.

गाण्यांच्या मधले लघुपटाचे तुकडे वगळले तर चालेल का?

आमची विनंती आहे की वगळू नयेत. हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा आला म्हणून उत्तरही थोडे लांबवत आहोत.

एरवी मैफलीच्या डीव्हीडीत मुलाखती, पडद्यामागची दृश्ये वगैरे ऐवज शेवटी ‘जादा’ म्हणून टाकलेला असतो आणि तो कोणी पाहत नाही. येथे लघुपटाचे भाग गाण्यांच्या मधे घातले आहेत, त्यामुळे सुरुवातीला रसभंग होतो हे खरे आहे. गिटारचा शेवटचा आघात विरत नाही तोच चिखलाच्या वाटेवरचे लष्कराचे ट्रक समोर येतात. पण दोन-तीन वेळा असे झाले की आपण पुढचे गाणे वेगळ्या कानाने ऐकू लागतो. ज्या ओळी नुसत्या आरोळ्या वाटल्या होत्या त्यांना गाव, तारीख आणि माणसे मिळतात. शिवाय मंचाखालच्या तरुणांकडे आपण केवळ उड्या मारणारा जमाव म्हणून पाहत नाही. त्यांच्यातला कोणी संपावर असेल, कोणाचा भाऊ लष्करात असेल, असा विचार मनात येऊ लागतो.

दुसरे कारण काळाचे आहे. चित्रण ऑक्टोबर १९९९ चे, प्रकाशन मे २००१ चे. मधल्या दीड वर्षात विद्यापीठाचा संप पोलिसांनी मोडला, १९२९ पासून सलग सत्तेवर असलेल्या पक्षाचा जुलै २००० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत पराभव झाला, १८ ऑक्टोबर २००० रोजी दे ला रोचा बँडमधून बाहेर पडले आणि मार्च २००१ मध्ये मुखवटाधारी झापाटिस्टा प्रतिनिधी देशभर फिरून राजधानीच्या मुख्य चौकात पोहोचले. त्या यात्रेच्या वेळी दे ला रोचाही मेक्सिकोत होते. म्हणजे डीव्हीडी दुकानात आली तेव्हा त्यात गाणारा बँड मोडलेला होता आणि त्यात दिसणारे सरकार पडलेले होते. लघुपटाचे भाग काढून टाकले तर उरते ती एक जोरकस पण चारचौघींसारखी रॉक मैफल, आणि तशा मैफली पुष्कळ आहेत.

विद्यापीठाच्या संपाचा गाण्यांशी काय संबंध?

मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठात फी नाममात्र होती, सेंटावोंत, म्हणजे पेसोच्या शंभराव्या भागांत, मोजण्याइतकी. १९९९ मध्ये कुलप्रमुखांनी ती वाढवण्याचा प्रस्ताव आणला आणि २० एप्रिलला विद्यार्थ्यांनी संप पुकारून विद्यापीठाचा परिसर ताब्यात घेतला. मैफल झाली तेव्हा संपाला सहा महिने उलटून गेले होते. ६ फेब्रुवारी २००० च्या पहाटे केंद्रीय पोलीस आत शिरले, शेकडो विद्यार्थ्यांना अटक झाली आणि संप संपला. डीव्हीडीतील विद्यार्थ्यांना हा शेवट माहीत नाही, पाहणाऱ्याला मात्र माहीत असतो.

संपाची बाजू घेतानाही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. फीवाढ प्रत्यक्षात मागे घेतली गेल्यानंतरही संप महिनोन्‌महिने लांबला आणि त्यामुळे विद्यार्थ्यांमध्येच फूट पडली. हा गुंता या चित्रणाला पेलत नाही. लघुपट एका बाजूने बनवलेला आहे, आणि तो तसाच पाहावा.

सभागृहाविषयी काही सांगाल का?

‘पालासिओ दे लोस देपोर्तेस’ म्हणजे खेळांचा राजवाडा. १९६८ च्या ऑलिंपिकमधील बास्केटबॉलसाठी फेलिक्स कांदेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेली ही तांब्याच्या पत्र्याने मढवलेल्या घुमटाची इमारत आहे. बसण्याची सोय सुमारे २० हजारांची. घुमटाखाली आवाज इतका घुमतो की गावकऱ्यांनी तिचे नाव ‘पालासिओ दे लोस रेबोतेस’ म्हणजे प्रतिध्वनींचा राजवाडा असे करून टाकले आहे. ड्रमचा आवाज कधी कधी पसरट लागतो त्याला आपल्या स्पीकरइतकाच हा घुमटही जबाबदार असावा.

त्या ऑलिंपिकच्या उद्घाटनाला दहा दिवस उरले असताना, २ ऑक्टोबर १९६८ रोजी, त्लातेलोल्को चौकात विद्यार्थ्यांच्या सभेवर लष्कराने गोळीबार केला होता. किती जण मेले याचा वाद आजही मिटलेला नाही. त्या ऑलिंपिकसाठी उभारलेल्या छपराखाली ३१ वर्षांनी संपकरी विद्यार्थ्यांच्या बाजूने गाणी म्हटली गेली, आणि समोर बसलेल्या मेक्सिकन प्रेक्षकांना ते सांगावे लागले नसेल.

गिटारमधून ते चित्रविचित्र आवाज कसे निघतात? ते यंत्रावर बनवलेले आहेत का?

नाहीत. बँडने आपल्या अल्बमवर सॅम्पल (दुसऱ्या ध्वनिमुद्रणातून उचललेले तुकडे), कीबोर्ड किंवा सिंथेसायझर वापरलेले नाहीत अशी छापील नोंदच केली होती. मोरेलो जे काही करतात ते गिटार, तार, दोन-चार पेडल आणि अँप्लिफायर एवढ्यावरच. कॅमेरा त्यांच्या हातांवर स्थिरावतो तेव्हा पुढील गोष्टी शोधाव्यात.

इलेक्ट्रिक गिटारवर तारांचे कंपन विजेत बदलणारे सहसा दोन-तीन पिकअप असतात आणि त्यांपैकी कोणता चालू हे ठरवणारी एक खिट्टी असते. मोरेलो एका पिकअपचा आवाज शून्यावर ठेवतात आणि खिट्टी झपाट्याने इकडेतिकडे फिरवतात. आवाज आहे-नाही-आहे-नाही असा तुटत जातो, आणि लांबवलेला एकच स्वर बोबडा होऊन धडधडू लागतो. दुसरी युक्ती तळव्याची आहे. एका हाताने तारा पिकअपजवळ घासायच्या आणि दुसऱ्या हाताने ती खिट्टी हलवत राहायचे. त्यातून डीजे तबकडी मागेपुढे फिरवतो तसा खरखरीत आवाज निघतो. ‘बुल्स ऑन परेड’मधील एकल वादनात हेच आहे, म्हणून ते गाणे सुरू झाल्यावर गायकापेक्षा गिटारवादकाकडे पाहावे. तिसरी युक्ती पायाची. ‘व्हॅमी’ नावाचे पेडल दाबले की स्वर सप्तक-दोन सप्तके वर चढतो, आणि ‘किलिंग इन द नेम’मधील किंचाळणारी गिटार तशी जन्मते. कधी कधी तर ते गिटारमधून जोडतार उपसून तिचे टोक तळहातावर आपटतात आणि त्या खरखरीवर ताल धरतात.

हे सगळे नेटके जमते ते कॉमरफर्ड आणि विल्क यांच्यामुळे. बेस आणि ड्रम ठेका सोडत नाहीत, म्हणून गिटारला वाट्टेल तिकडे जाऊन परत येता येते.

आम्ही ख्याल ऐकणारे. यात ऐकायचे काय?

उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या गावातून आणि कुमारजींच्या देवासच्या शेजारातून हा प्रश्न येणारच. यात रागविस्तार नाही, स्वरांचा सूक्ष्म विचार नाही, आणि तो शोधायला बसलात तर पहिल्या गाण्यातच उठून जाल. आवर्तनाकडे कान द्यावा. बहुतेक गाणी चार-आठ मात्रांच्या एका तुकड्यावर उभी आहेत. तो तुकडा पुन्हा पुन्हा येतो, दर वेळी थोडा दाबून किंवा थोडा उसळून, आणि मग एके ठिकाणी सगळे वादक एकदम थांबतात. त्या थांबण्यातला नेमकेपणा लयीची जाण असलेल्या कोणालाही दाद देण्याजोगा वाटेल. झॅक दे ला रोचा गातात कमी आणि म्हणतात जास्त. शब्दफेक आणि श्वास हे त्यांचे बळ. पोवाडा ऐकताना आपण शाहिराच्या आवाजाची गोडी मोजत नाही, तसेच येथे समजावे.

गाण्यांत शिव्या आहेत असे ऐकले. मुलांना आणावे का?

शिव्या आहेत. ‘किलिंग इन द नेम’च्या शेवटी एकच ओळ चढत्या आवाजात सोळा वेळा येते आणि तिच्यात छापता न येण्याजोगा शब्द आहे. त्या गाण्याचा रोख पोलीस दलातील वंशद्वेष्ट्यांवर आहे आणि ती ओळ म्हणजे हुकूम पाळायला दिलेला नकार आहे. डिसेंबर २००९ मध्ये बीबीसीच्या एका रेडिओ कार्यक्रमात ती ओळ गाळून गाण्याची विनंती, तोवर पुन्हा एकत्र आलेल्या, बँडला करण्यात आली होती, पण बँडने ती गायलीच आणि निवेदकांना मधेच प्रक्षेपण तोडावे लागले. दहावीच्या पुढची मुले आनंदाने यावीत. त्याहून लहानांना लघुपटातील हिंसेचे उल्लेखही जड जातील.

सोनीसारख्या बलाढ्य कंपनीकडून अल्बम काढायचे आणि भांडवलशाहीविरुद्ध गायचे, हा दुटप्पीपणा नाही का?

हा आक्षेप बँडच्या जन्माइतकाच जुना आहे. त्यांचे सर्व अल्बम ‘एपिक’ या सोनीच्या कंपनीने काढले. मोरेलो यांचे म्हणणे थोडक्यात असे की भांडवलशाही समाजात विचारांचा प्रसारही भांडवली मार्गांनीच होतो, आणि आधीपासून पटलेल्या मूठभरांपुरते गायचे नसेल तर ते मार्ग वापरावे लागतात.

हे उत्तर आम्हाला अर्धे पटते. मार्कोस यांचे म्हणणे अमेरिकेतील मॉलमध्ये, लोकप्रिय गाण्यांच्या कप्प्यात, त्याच किमतीला मिळू लागले ते या डीव्हीडीमुळे, आणि हे काम कोणत्याही पत्रकाने केले नसते. पण नफ्याचा वाटा कंपनीकडे गेला हेही तितकेच खरे, आणि बंडखोरी विकता येते असे एकदा दिसले की कंपन्यांना तिचे भय वाटेनासे होते. २६ जानेवारी २००० रोजी माहितीपटकार मायकेल मूर यांनी याच बँडच्या एका गाण्याचे चित्रण वॉल स्ट्रीटवर केले तेव्हा शेअर बाजाराला काही काळ आपले दरवाजे बंद करावे लागले. घटना गमतीची आहे, बाजार मात्र त्यामुळे काही कोसळला नाही. दुटप्पीपणापेक्षा याला आम्ही मर्यादा म्हणू. ही मर्यादा बँडला ठाऊक होती असे डीव्हीडी पाहताना वाटते, कारण सर्वांत महत्त्वाचे बोलणे त्यांनी स्वतःच्या तोंडी न ठेवता चियापासच्या माणसांना आणि विद्यार्थ्यांना बोलू दिले आहे.

इंदूरच्या माणसाने चियापासचे दुःख कशाला उगाळावे?

ओढूनताणून साम्य लावण्याची गरज नाही. तरीही ज्या घरांतून कोणी ना कोणी मिलमध्ये कामाला होते त्यांना हा विषय परका वाटू नये. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांची थकीत देणी मिळायला डिसेंबर २०२३ उजाडले. दरम्यान कित्येक कामगार वारले. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत बंद मिलांच्या झांक्या (चित्ररथ) मात्र वर्गणी गोळा करून निघतच राहिल्या. सरकारने धोरण बदलले की हिशेब कोणाच्या अंगावर फुटतो, हे समजायला मालव्यातून मेक्सिकोला जावे लागत नाही.

आणि गाण्यातून राजकारण ही काही आपल्याकडे बाहेरून आलेली चाल नव्हे. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैदाने डफ-तुणतुण्यावर भरवली. आपण इंदूरकर त्या लढ्यापासून भौगोलिकदृष्ट्या दूर होतो, तरी त्या कवनांपासून नव्हतो.

बँडचे राजकारण पटले पाहिजे का?

मुळीच नाही. मंडळात सर्व पक्षांचे लोक आहेत आणि वाद चहाच्या वेळी करावा, गाणे चालू असताना नाही, एवढाच नियम आहे.

याच बँडची दुसरी कोणती मैफल पाहण्यासारखी आहे?

‘लाइव्ह ॲट द ग्रँड ऑलिंपिक ऑडिटोरियम’ ही सप्टेंबर २००० मधील लॉस एंजेलिसच्या दोन रात्रींची मैफल २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. बँड फुटण्याआधीच्या शेवटच्या काही मैफलींपैकी या, आणि निव्वळ वादन ऐकायचे असेल तर ही डीव्हीडी सरस आहे. तिच्यात १४ ऑगस्ट २००० रोजी डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाबाहेर केलेल्या मोफत कार्यक्रमाचे चित्रणही आहे. त्या रात्री कार्यक्रमानंतर पोलिसांनी जमावावर रबरी गोळ्या झाडल्या. लंडनच्या फिन्सबरी पार्कमधील जून २०१० चा मोफत कार्यक्रम २०१५ मध्ये निघाला. तो विजयोत्सव आहे, कारण आदल्या नाताळात ब्रिटिश श्रोत्यांनी मोहीम चालवून बँडचे सतरा वर्षांपूर्वीचे गाणे विक्रीत पहिल्या क्रमांकावर नेले होते. उत्साह भरपूर, पण मेक्सिकोच्या मैफलीतली निकड त्यात नाही.

इंग्रजी गाणी भराभर जातात, स्पॅनिश तर येतच नाही. समजणार कसे?

आम्ही प्रत्येक गाण्याचा विषय दोन-तीन ओळींत मराठीत लिहून कागद वाटणार आहोत. लघुपटातील स्पॅनिश बोलण्यासाठी सबटायटल चालू ठेवू आणि कठीण जागी थांबवून सांगू.

मी ही डीव्हीडी मागवली तर माझ्या प्लेअरवर चालेल का?

दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे विभाग. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत. अमेरिकेचा क्रमांक १, युरोपचा २, मेक्सिकोचा ४ आणि भारताचा ५. वेष्टनाच्या मागे लहानशा पृथ्वीगोलात हा आकडा असतो, आणि तेथे शून्य किंवा ‘सर्व’ असे असेल तर चिंता नाही. आपल्याकडे विकले गेलेले बरेच प्लेअर सर्व विभाग चालवतात. संगणकातील ड्राइव्हचा विभाग मात्र पाच वेळाच बदलता येतो, पाचव्यानंतर तो कायमचा अडकतो, तेव्हा उगाच खेळ करू नये. दुसरी गोष्ट चित्राच्या पद्धतीची. अमेरिकन डीव्हीडी एनटीएससी असतात, आपली पद्धत पाल. आजचे टीव्ही दोन्ही दाखवतात. जुना नळीचा टीव्ही असेल आणि चित्र काळेपांढरे किंवा लोळते दिसले तर प्लेअरच्या मेनूत जाऊन पद्धत ‘ऑटो’ करावी.

जुन्या बाजारातली डीव्हीडी अस्सल आहे हे कसे ओळखावे?

पाठ पाहावी. कारखान्यात छापलेल्या डीव्हीडीची पाठ चंदेरी किंवा किंचित सोनेरी असते, घरी कोरलेलीची जांभळट. मधल्या छिद्राभोवतीच्या पट्टीवर बारीक क्रमांक कोरलेला असावा. एका विक्रेत्याने छायाचित्रात चंदेरी दाखवून आम्हाला जांभळी पाठवली होती, म्हणून पाठीचे छायाचित्र आधी मागवावे हा सल्ला. ओरखडे मधून बाहेर सरळ असतील तर बहुधा चालून जातात. गोलाकार ओरखडे असतील तर घेऊ नये. पुसतानाही मऊ सुती कापडाने मधून कडेकडे पुसावे. मालव्यातल्या मे महिन्यात डीव्हीडी गाडीत ठेवू नये, ती वाकते आणि मग काही उपाय नसतो. ज्यांना फक्त ऐकायचे आहे त्यांच्यासाठी हीच मैफल २०२१ मध्ये ग्रामोफोनच्या तबकडीवरही निघाली आहे.

घरी पाहताना आवाज कसा लावावा?

दोनच स्पीकर असतील तर ध्वनीच्या मेनूत स्टिरिओ निवडावे. सहा वाटांचा आवाज दोन स्पीकरमध्ये कोंबला की गायक मागे पडतो. टीव्हीच्या अंगच्या स्पीकरवर बेस ऐकूच येत नाही आणि अर्धी मैफल हरवते, त्यापेक्षा चांगले हेडफोन बरे. प्लेअरमधील ‘नाइट मोड’ बंद ठेवावा, कारण तो हळू आणि मोठा आवाज एकाच पातळीवर आणतो आणि वादकांच्या त्या अचानक थांबण्यातली गंमत जाते.

शेजाऱ्यांना त्रास होणार नाही का?

कार्यक्रम संध्याकाळी पाचला सुरू होऊन आठच्या आत संपेल. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि मध्य प्रदेशात १९८५ चा कोलाहल नियंत्रण अधिनियमही आहे. खिडक्या बंद, पडदे ओढलेले आणि सबवूफर जमिनीऐवजी जाड सतरंजीवर, अशी व्यवस्था असेल. वरच्या मजल्यावरील आजोबांना आम्ही आधी सांगून ठेवले आहे. त्यांनीही येण्याची इच्छा दाखवली आहे.

हीच डीव्हीडी आमच्या संस्थेच्या सभागृहात लावता येईल का?

घरी मित्रमंडळींसह पाहणे वेगळे आणि लोकांना निमंत्रण देऊन सभागृहात दाखवणे वेगळे. दुसऱ्या प्रकारासाठी १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कधारकाची परवानगी लागते, तिकीट नसले तरीही. म्हणून आम्ही हे घरीच ठेवले आहे आणि जाहिरात केलेली नाही.

डीव्हीडी घरी न्यायला मिळेल का?

कार्यक्रमानंतर मिळेल. वहीत नाव लिहून एका आठवड्यासाठी न्यावी आणि परत करताना डबीत घालूनच द्यावी, नुसत्या कागदात गुंडाळून नाही. पहिली तीन नावे आधीच लागली आहेत.